गोदावरीचे बुजलेले झरे

जैन दर्शनाने पाण्याला निर्जीव पदार्थ मानलेले नाही. आचारांग सूत्रात अप्कायाचे, म्हणजे जलरूप जीवांचे विवेचन आहे. पाणी गाळून पिणे आणि गळण्यात राहिलेली जिवाणी ज्या विहिरीचे वा नदीचे पाणी असेल तेथेच परत सोडणे, हा आचार त्यातूनच आला. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत सरोवर, डोह व तलाव आटविण्याचा व्यवसायही मोडतो. या दृष्टीने पाहता नाशिक येथील गोदावरीच्या झऱ्यांचा अलीकडचा इतिहास समाजाने आवर्जून समजून घ्यावा असा आहे.

नाशिक शिर्डीकरांना परके नाही. नांदूर मध्यमेश्वर येथून निघणाऱ्या गोदावरीच्या उजव्या कालव्याने राहाता परिसराची शेती फुलविली आणि शिर्डीचे साठवण तलावही भरले. जैन इतिहासातही नाशिकला मानाचे स्थान आहे. चौदाव्या शतकातील आचार्य जिनप्रभसूरींच्या 'विविधतीर्थकल्प' या ग्रंथात नासिक्यपुराचा स्वतंत्र कल्प आहे. म्हसरूळजवळील गजपंथ क्षेत्र ही सात बलभद्रांची निर्वाणभूमी म्हणून दिगंबर परंपरेत पूज्य आहे.

पंचवटीजवळ गोदेच्या पात्रात रामकुंड, लक्ष्मणकुंड, धनुषकुंड, अहिल्याकुंड, दशाश्वमेध अशी अनेक कुंडे होती. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्यांची वर्णने आढळतात. कुंडांच्या तळाशी जिवंत झरे असत. वरून येणारा प्रवाह उन्हाळ्यात रोडावला तरी हे झरे पाण्याला आधार देत. पूर्वजांनी पात्र बांधून काढले, परंतु भूमीच्या पोटातून येणारी वाट त्यांनी मोकळी ठेवली होती.

२००३ च्या सिंहस्थापूर्वी भाविकांच्या सोयीसाठी पात्राच्या तळाशी काँक्रीट घालण्यात आले. हेतू वाईट नव्हता, पण परिणाम गंभीर झाला. कुंडे गाडली गेली, झऱ्यांची तोंडे बुजली, आणि जमिनीत मुरणे व जमिनीतून पाझरणे या दोन्ही क्रिया खुंटल्या. एप्रिल २०१६ मध्ये, भीषण दुष्काळात, रामकुंड कोरडे पडले. दुष्काळ हे त्याचे मुख्य कारण होते. तरीही पूर्वी अशा वेळी आधार देणारे झरे कोठे गेले, हा प्रश्न तेव्हा सर्वांसमोर उभा राहिला.

हा प्रश्न काही जागरूक नागरिकांनी आधीपासूनच धसास लावला होता. त्यांनी जुनी कागदपत्रे व नकाशे धुंडाळून सतरा कुंडांच्या जागा दाखवून दिल्या आणि मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. अनेक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर स्मार्ट सिटी योजनेत काही कुंडांवरील काँक्रीट काढण्याचे काम हाती घेण्यात आले. काँक्रीट निघाले तेथे झऱ्याचे पाणी पुन्हा दिसू लागले. झरे मेले नव्हते, ते केवळ कोंडले गेले होते, हे यातून सिद्ध झाले.

प्रयत्न एवढ्यावर थांबले नाहीत. गोदावरीच्या प्रदूषणाविरुद्ध २०१२ साली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि उपाय सुचविण्यासाठी नागपूरच्या 'नीरी' संस्थेची मदत घेण्यात आली. नदी स्वच्छ करायची तर तिला शहरात मिळणारी नासर्डी, अर्थात नंदिनी, आणि वाघाडी यांच्यातील सांडपाणी रोखावे लागते, ही जाणीव लोकांत वाढत गेली. २०२१ साली उगमस्थानी ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी डोंगर पोखरला जाऊ लागला, तेव्हाही पर्यावरणप्रेमी पुढे सरसावले. उगम, ओढे आणि पात्र ही एकाच देहाची अंगे आहेत.

शिर्डीतही लेंडी बागेचे नाव एका ओढ्याचेच स्मरण करून देते. साईबाबा ज्या बागेत नित्य जात, तिचे नाव आजही जगभरातील भाविकांच्या तोंडी आहे. ओढा मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहत नाही. वाढत्या शहरात ओढ्यानाल्यांवर स्लॅब टाकणे सोपे असते. त्याखालचा झरा पुन्हा मोकळा करण्यास मात्र किती वर्षे लागतात, हे नाशिकने दाखविले आहे.

आपल्या घरात जिवाणी जपणाऱ्या समाजाने गावाचा ओढाही जपावा. त्यात सांडपाणी व कचरा जाऊ न देणे आणि त्याचे पात्र मोकळे राखणे, हेही जीवदयेचेच कार्य होय. सुवर्णमहोत्सवी वर्षात असा संकल्प सोडणे हीच गोदामाईची खरी सेवा ठरेल.