पत्रादेवीची रेषा : वेग कमी न करता ओलांडलेली आंतरराष्ट्रीय सीमा

१/ शनिवारी पहाटे खारघर-कळंबोलीहून निघालेले मोटारसायकलस्वार पळस्पे फाट्यावर चहा घेतात आणि गोव्याची वाट धरतात. संध्याकाळी बांदा मागे पडते, पत्रादेवी येते. गाडीचा वेगही फारसा कमी होत नाही. १९६१ पर्यंत मात्र याच ठिकाणी आंतरराष्ट्रीय सीमा होती. हा थ्रेड त्या सीमेविषयी.

२/ पोर्तुगीजांनी गोवा शहर १५१० मध्ये जिंकले. पत्रादेवी ज्या पेडणे महालात येते, तो मात्र त्यांच्याकडे १७८८ मध्ये, सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांकडून आला. ‘साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज राजवट’ हे प्रचलित विधान पेडण्यास लागू पडत नाही. तेथे ती पावणेदोनशे वर्षांहूनही थोडी कमी टिकली.

३/ रेषा आखली गेली तरी दोन्हीकडची बोली, दैवते आणि सोयरिकी एकमेकांत गुंतलेल्याच राहिल्या. वाहतुकीचा नियमही शेजाऱ्याचाच चालला. पोर्तुगालने १९२८ मध्ये रस्त्याच्या उजव्या बाजूने वाहने चालवण्यास आरंभ केला; गोव्यात ती डावीकडूनच धावत राहिली, कारण सीमेपलीकडच्या ब्रिटिश हिंदुस्थानात तीच पद्धत होती.

४/ १९४७ मध्ये इंग्रज गेले. पोर्तुगालच्या सालाझार राजवटीने १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ हे नाव दिले. लिस्बनच्या दृष्टीने बांद्यापुढची जमीन आता पोर्तुगालचाच भाग होती.

५/ याच काळात जग वाहनांसाठी सीमा सुलभ करत होते. परदेशी नेलेली गाडी तेथे आयात ठरते आणि तिच्यावर आयातकर लागू होऊ शकतो. खासगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीसंबंधी ४ जून १९५४ रोजी न्यूयॉर्क येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. ‘गाडी मुदतीत परत नेईन’ या हमीवर तिला करमुक्त प्रवेश मिळावा, ही त्यामागची कल्पना.

६/ त्या हमीचा कागद म्हणजे ‘कार्नेट’, एका अर्थी गाडीचा पासपोर्ट. सीमेवर आत जाताना आणि बाहेर पडताना सीमाशुल्क अधिकारी त्यावर शिक्का मारतो. बाहेर पडल्याची नोंद राहिली, तर गाडी तिथेच विकली असे समजून कर मागितला जाऊ शकतो.

७/ या करारानंतर जेमतेम चौदा महिन्यांनी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, देशभरातून आलेले निःशस्त्र सत्याग्रही पायी गोव्याच्या हद्दीत शिरले. पोर्तुगीजांनी गोळीबार केला. पत्रादेवीला पंजाबचे कर्नेलसिंग बेनिपाल धारातीर्थी पडले. मध्य प्रदेशातील सागरच्या सहोदराबाई राय जखमी झाल्या. त्या दिवशी गोव्याच्या सीमेवर वीसहून अधिक सत्याग्रहींनी प्राण गमावले.

८/ या लढ्याशी आपल्या परिसराचेही नाते आहे. गोवा मुक्तिसंग्रामातील हुतात्मा हिरवे गुरुजी पनवेलचे. ज्या पनवेलहून आज आपण गोव्याच्या सहलीस निघतो, तेथील एक शिक्षक त्या भूमीच्या मुक्तीसाठी प्राण देऊन गेला.

९/ गोळीबारानंतर भारताने सीमा बंद केली. कॅसलरॉकमार्गे जाणारी रेल्वेही थांबली. पोर्तुगीजांनी दाभोळी विमानतळ उभारून आकाशमार्ग शोधला. मुंबईत नोकरी करणाऱ्या गोमंतकीयांना मात्र स्वतःच्या गावी जाणे कठीण झाले. ही कोंडी १९ डिसेंबर १९६१ रोजी ‘ऑपरेशन विजय’ने संपली.

१०/ खुली म्हणवणारी सीमाही सर्वांस सारखी नसते. नेपाळला जाण्यासाठी भारतीय नागरिकास व्हिसा लागत नाही. त्याच्या मोटारसायकलला मात्र ‘भन्सार’, म्हणजे सीमाशुल्काची पावती, घ्यावीच लागते. तेथे माणूस मोकळा आणि गाडी अडते. १९५५ च्या पत्रादेवीला कराराच्या पानांत गाडीची सोय झाली होती, आणि पायी येणाऱ्या माणसासाठी बंदुका रोखलेल्या होत्या.

११/ परतीच्या वाटेवर आज बांद्याच्या बाजूला गाडी थांबवली गेली, तर ती बहुधा गोव्याची दारू शोधण्यासाठी. तपासणीची ही किरकोळ कटकटच त्या जुन्या सीमेची उरलेली खूण आहे. पुढच्या वेळी पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकापाशी गाडी स्वतःहून थांबवा. हेल्मेट काढा, तेथील नावे वाचा आणि मग पुढे जा.