ओळीमागून ओळ

चिंचवड-भोसरीच्या किंवा चाकणच्या कारखान्यातील सीएनसी मिलिंग मशीन चालते ते साध्या मजकुराच्या फाइलवर. तीत ओळीने आज्ञा असतात. ‘एफ१००’ म्हणजे टूल मिनिटाला १०० मिलिमीटर वेगाने सरकव. समजा, पोलादाऐवजी अ‍ॅल्युमिनियम आले आणि पन्नास फाइलींत १०० चे १५० करायचे आहेत. हाताने करू गेल्यास दिवस जाईल, चुका राहतील त्या वेगळ्याच.

या कामाचे साधन अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाले. केन थॉम्पसन यांनी १९६९ मध्ये ‘एड’ हा संपादक लिहिला. टेलिटाइपला पडदा नव्हता. म्हणून ‘अमुक शोध, तेथे तमुक घाल’ अशा आज्ञा टंकाव्या लागत. ही अडचणच पथ्यावर पडली, कारण टंकलेली आज्ञा साठवून पुन्हा वापरता येते! पुढे ली मॅकमहॉन यांना १७८७-८८ मधील ‘फेडरॅलिस्ट’ निबंधांचे लेखक भाषेवरून ओळखायचे होते. एवढा मजकूर ‘एड’मध्ये मावेना. थॉम्पसन यांनी त्यातील शोधाची आज्ञा वेगळी काढून ‘ग्रेप’ केला. मॅकमहॉन यांनी १९७३-७४ च्या सुमारास ‘सेड’ लिहिला. तो सगळी फाइल एकदम स्मृतीत न घेता एकेक ओळ वाचतो, बदलतो आणि पुढे सोडतो.

मात्र त्याला अक्षरे कळतात, अर्थ नाही. ‘एफ१००’ शोधायला सांगितले, तर ‘एफ१०००’चेही निमूट ‘एफ१५००’ होते आणि टूल मोडू शकते. म्हणून ‘पुढे आणखी आकडा नसेल तरच’ ही अट आज्ञेतच घालावी लागते. एरवी ‘सेड’ मूळ फाइलीला हात लावत नाही, बदललेला मजकूर वेगळा देतो. तो मुळाशी ताडून मगच मशीनवर चढवावा.