परसातील कोंबडा आणि औद्योगिक नगर : पिंपरी-चिंचवड व चाकण परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
पिंपरी-चिंचवड व चाकण परिसराचा इतिहास बहुधा कारखाने, कामगार आणि भूसंपादन या अंगांनी लिहिला जातो. घर आणि परसातील पशुपक्षी यांचे नाते त्यात क्वचितच आढळते. त्यातही कोंबडीची दखल अंड्यांच्या उत्पन्नामुळे घेतली जाते. कोंबडा उपेक्षितच राहतो. कोंबड्याविषयीच्या जिव्हाळ्याचा आधार कोणता होता आणि औद्योगिकीकरणात त्याचे काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परंपरेतील निरीक्षण :
भारतीय परंपरेने कोंबड्याकडे बारकाईने पाहिले होते. पाणिनीने ऱ्हस्व, दीर्घ व प्लुत या संज्ञा (१.२.२७) 'उ'काराच्या आधारे सांगितल्या; कोंबड्याच्या आरवण्यात या तिन्ही मात्रा ऐकू येतात, असे त्याचे कारण व्याकरणपरंपरा देते. चाणक्यनीतीने कोंबड्यापासून चार गुण घ्यावयास सांगितले आहेत : वेळेवर उठणे, निकराने झुंजणे, आप्तांना वाटा देणे व स्वकष्टाचे खाणे. आधुनिक प्राणिवर्तनशास्त्र यास दुजोरा देते. दाणा सापडताच कोंबडा विशिष्ट आवाजात कोंबड्यांना बोलावतो. आकाशातील घार आणि जमिनीवरील शत्रू यांसाठी त्याचे इशारेही वेगवेगळे असतात. आरवणे शरीरांतर्गत घड्याळावर चालते, हे जपानमधील नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखविले. कोंबडे झाकल्याने उजाडायचे राहत नाही, ही म्हण सर्वश्रुत आहे. झाकलेल्या कोंबड्यालाही पहाट कळते, असे आता म्हणता येते.

परसातील नाते :
सायंकाळी डालग्याखाली झाकणे, पहाटे सोडणे, हाक मारून दाणे टाकणे या नित्यक्रमातून घरातील स्त्रिया व मुले कोंबड्याचा स्वभाव ओळखत आली. लहानपणापासून हाताळलेला, हातावरचा दाणा टिपणारा कोंबडा सहसा माणसाला बुजत नाही. मात्र नवस फेडण्यासाठी कोंबडा जातो तोही याच परसातून. म्हणून हे नाते केवळ भावुकतेचे मानता येत नाही. ओळख, उपयोग आणि समर्पण त्यात एकत्र नांदतात.

औद्योगिकीकरण व बदललेली वेळ :
पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. त्यानंतर परिसराचा दिवस पाळ्यांत विभागला गेला. इंग्लंडमधील अशाच स्थित्यंतराची चिकित्सा इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी १९६७ मध्ये केली आहे. येथेही कोंबड्याची जागा भोंग्याने घेतली. रात्रपाळीहून परतलेल्या कामगाराला तेच आरवणे झोपमोड वाटू लागले. पुढे चाकण परिसरात मोटार उद्योग आला. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी येथील मोकळ्या जागांवर भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या आणि परस आकसले.

१९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली. त्याच वर्षी राष्ट्रीय अंडी समन्वय समितीही स्थापन झाली. हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. खाण्याच्या अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते. म्हणून जगभरच्या अंडी उद्योगात नर पिले जन्मतःच नष्ट केली जात आली. जर्मनीने २०२२ पासून त्यास बंदी घातली. अशा रीतीने बाजाराला निरुपयोगी ठरलेला कोंबडा शहराला गोंगाट वाटू लागला. २०१९ मध्ये पुण्याच्या सोमवार पेठेतून आरवण्याविरुद्ध पोलिसांत तक्रार झाल्याचे वृत्त आले होते. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मॉरिस नावाच्या कोंबड्याच्या आरवण्याचा वाद न्यायालयात गेला. निकाल मालकिणीच्या बाजूने लागला आणि २०२१ मध्ये ग्रामीण ध्वनी व गंध यांना वारशाचे स्थान देणारा कायदा तेथे झाला.

निष्कर्ष :
१. कोंबड्याविषयीचा जिव्हाळा त्याच्या प्रत्यक्ष कार्यातून, म्हणजे राखण, वाटप व कालसूचन यांतून निर्माण झाला होता.
२. औद्योगिक व्यवस्थेने ही कार्ये काढून घेतल्यामुळे कोंबड्याचे मूल्य केवळ वजनावर ठरू लागले.
३. १९९७ मध्ये महानगरपालिकेत आलेल्या तळवडे, चिखली, मोशी यांसारख्या गावांच्या गावठाणांतील वृद्ध स्त्रियांकडे या सहजीवनाचे ज्ञान आहे. त्याची लेखी साधने विरळ असल्याने मौखिक इतिहासाच्या पद्धतीने त्यांच्या आठवणी नोंदविणे निकडीचे आहे. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे काम हाती घेतल्यास औद्योगिक नगराच्या इतिहासाची एक दुर्लक्षित बाजू प्रकाशात येईल.