मध्यमता आणि उत्कृष्टता

समूहातील एखाद्या गुणाच्या विभागणीतील दोन सापेक्ष स्थाने. उंचीसारख्या गुणात बहुतेक व्यक्ती सरासरीजवळ असतात, टोकाला मोजक्याच. फार उंच आईवडिलांची मुले उंच असली, तरी सरासरीने त्यांच्याइतकी नसतात, असे इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये दाखवले व या कलाला ‘मध्यमतेकडे परतणे’ म्हटले. निसर्गात मध्यम असणे अनेकदा हिताचे ठरते : जन्मतः फार कमी किंवा फार जास्त वजन असलेल्या बाळाला धोका अधिक असतो. परिस्थिती पालटली, की टोकाचा गुणही तारक ठरू शकतो.

मानवी समाजात उत्कृष्टता बरीचशी निवड, शिक्षण व सराव यांतून घडते. उदाहरणार्थ, कन्हान नदीकाठी १८२१ मध्ये वसलेल्या कामठी (जि. नागपूर) छावणीत भारतीय लष्कराच्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पायदळ रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र आहे. १९४९ मध्ये उभारलेल्या या रेजिमेंटने एखाद्या जातीपुरती भरती न ठेवता सर्व प्रांतांतील व समाजांतील जवान घेतले. ‘पहला हमेशा पहला’ हे तिचे ब्रीद. येथे श्रेष्ठत्वाचा आधार जन्म नसून कवायत व शिस्त आहे. समूहाची पातळी उंचावली, की कालची उत्कृष्टता आजची सरासरी होते.