धोकादायक कोणास म्हणावे? : मुंबईतील इमारत-तपासणीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
मुंबईच्या इतिहासलेखनात गिरण्या, चाळी व कामगार चळवळ यांना मोठे स्थान मिळाले आहे. मात्र याच चाळी मोडकळीस आल्यावर त्यांची तपासणी कोणी व कोणत्या निकषांवर केली, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला. इमारत धोकादायक ठरविणे ही वरकरणी अभियांत्रिकी बाब वाटते. परंतु मुंबईत तिच्याशी भाडे, मालकी व पुनर्वसन हे प्रश्न कायम निगडित राहिले आहेत, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

१. भाडेनियंत्रण आणि दुरुस्ती :
मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५४ अन्वये पडण्याच्या बेतात असलेली इमारत दुरुस्त करण्याचा वा पाडण्याचा आदेश आयुक्तांना देता येतो. दुरुस्ती मालकाने करावी, हे यात गृहीत होते. तथापि १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविले. भाडेकरूंना संरक्षण मिळाले. पण दुरुस्तीत मालकांना स्वारस्य उरले नाही. लाकडी सांगाड्याच्या चाळींत गळती व वाळवीने तुळयांची भिंतीत रुतलेली टोके कुजत गेली.

२. उपकरप्राप्त इमारती :
इमारती कोसळण्याच्या घटनांमुळे राज्य शासनाने १९६८ मध्ये बेडेकर समिती नेमली. त्यानंतर १९६९ चा मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ अधिनियम आला व जुन्या शहरातील इमारतींवर दुरुस्ती उपकर बसविण्यात आला. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती 'अ', १९५० अखेरपर्यंतच्या 'ब' व ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या 'क' वर्गात मोडतात. पुढे १९७६ च्या अधिनियमान्वये हे काम म्हाडाकडे आले.

येथे एक बाब लक्षणीय आहे. दुरुस्तीचा अंदाजित खर्च ठरीव मर्यादेपलीकडे गेल्यास इमारत दुरुस्तीपलीकडची मानली जाई. म्हणजेच हा निर्णय तुळईच्या ताकदीइतकाच खर्चाच्या हिशेबावर अवलंबून होता. त्यानंतर भाडेकरूच्या वाट्याला संक्रमण शिबिर येई. तेथून परत येण्याची खात्री नसल्याने सूचनापत्राविषयी अविश्वास रुजला.

३. संरचनात्मक परीक्षण :
सिमेंट काँक्रीटच्या इमारतींनी प्रश्नाचे स्वरूप बदलले. खारट, दमट हवेत आतील सळया गंजतात व बाहेरून त्याची चाहूल उशिरा लागते. त्यामुळे रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक व कोअर चाचण्या आवश्यक ठरल्या. २००९ मध्ये कलम ३५३ब समाविष्ट होऊन ३० वर्षांहून जुन्या इमारतींचे परीक्षण नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून करून घेणे बंधनकारक झाले. वर्गीकरणही निश्चित झाले : सी-१ म्हणजे त्वरित रिकामी करून पाडावयाची, सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करावयाची, सी-२ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करावयाची व सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची इमारत.

तरीही दुर्घटना टळल्या नाहीत. २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोड येथील बाबू गेनू मंडईची इमारत कोसळून ६१ जणांचा मृत्यू झाला. ती महापालिकेच्याच मालकीची होती. म्हणजे तपासणारी व मालक संस्था एकच होती. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३० हून अधिक लोक दगावले. ती २०११ मध्येच धोकादायक ठरली होती. काही कुटुंबे हलली होती, काही राहत होती. पहिल्या घटनेत जबाबदारीचे विभाजन नव्हते, तर दुसरीत निदान असूनही स्थलांतर अपुरे राहिले.

निष्कर्ष :
१९६९ पासून तपासणीचे तंत्र सुधारले. अहवाल आणि निवारा यांतील दरी मात्र बुजली नाही. २०२२ च्या म्हाडा अधिनियमातील दुरुस्तीने मालकाला व नंतर भाडेकरूंना पुनर्विकासाची मुदतबद्ध संधी दिली, हे पाऊल त्या दिशेचे आहे. परीक्षण त्रयस्थाने करावे, अहवाल रहिवाशांना समजेल अशा भाषेत मिळावा व घर सोडण्याच्या सूचनेसोबतच परतीच्या हक्काचा लेखी करार व्हावा, ही या इतिहासाची शिकवण आहे. परतीची हमी नसेल, तर अचूक अहवालही रहिवाशाला घर हिरावणारा कागद वाटतो आणि तो धोक्यातच राहणे पत्करतो.