पेटीचा वारा

बस्तीत भजनाला पेटी लागली, की सगळ्याजणी वाजवणारीचा उजवा हात बघतात. मी डावा बघते. पेटीत पट्टी जोरानं दाबून आवाज वाढत नाही, तो वाढतो भात्यावरच्या हातानं. जुन्या युरोपी पायपेटीला तर एक खास खुंटी असायची. ती ओढली की आतला, वारा साठवणारा भाता वगळला जाई नि पायाचा जोर थेट सुरात उतरे.

1904 साली जर्मनीत वेल्टे-मिन्यों यंत्र निघालं. भोकं पाडलेल्या कागदावरून पियानो आपोआप वाजे. तिथं वारा भरायचा नाही, ओढून घ्यायचा! ओढ वाढली की हातोडी तारेवर जोरानं बसे. खालच्या नि वरच्या सुरांची ओढ वेगळी, म्हणून साथ दबून गाणं वर येई. कमालच की. पण म्हणणारीला मध्येच दम लागला, तर कागद काय थांबणार?

आपल्याकडे पेटीत मींड निघत नाही म्हणून रेडिओनं 1940 साली तिला बंद केलं. 1971 पर्यंत ते चाललं. त्या सगळ्या वर्षांत कागवाडचे रामभाऊ विजापुरे बेळगावात पोरापोरींना पेटी शिकवतच होते.