चुलवाणाचा जाळ : किती अंश योग्य?

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांची ओळख आज साखर कारखान्यांमुळे आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर ही नावे उसाच्या राजकारणामुळे शहरी वाचकालाही परिचयाची झाली आहेत. परंतु कारखाने उभे राहण्यापूर्वी, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर येथे जो ऊस पिकू लागला, त्याचा मुख्यतः गूळच होत असे. बारामतीची गुळाची बाजारपेठ त्या काळापासूनची आहे आणि गुऱ्हाळे आजही चालू आहेत. या गुऱ्हाळाचे हृदय म्हणजे चुलवाण. रस किती निघाला, यापेक्षा चुलवाणात जाळ कसा जळतो, यावर गुऱ्हाळाचे आर्थिक गणित आणि भोवतालच्या गावाची हवा अवलंबून असते. त्यामुळे चुलवाणाचे नेहमीचे, योग्य तापमान कोणते आणि ते कसे ओळखावे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

दोन वेगळी तापमाने

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. काहिलीतील रसाचे तापमान आणि काहिलीखालील जाळाचे तापमान यांत फार मोठे अंतर असते. चुलवाणात ज्वाला ८०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या असतात. रस मात्र पाणी असेपर्यंत शंभर अंशांच्या थोडाच वर राहतो. येणारी सारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. म्हणून जाळ दुप्पट केला तरी उकळता रस दुप्पट तापत नाही, फक्त वाफ अधिक वेगाने निघते.

रसाच्या बाजूचे टप्पे असे आहेत. सुमारे ८५ अंशांवर रसातील मळी वर येऊ लागते. ती उकळी फुटण्यापूर्वी काढावी लागते, म्हणून सुरुवातीला जाळ बेताचा ठेवतात. मळी निघाल्यावर जाळ पूर्ण वाढवला जातो. १०५ ते १०६ अंशांवर काकवी तयार होते. त्यापुढे पाणी संपत आल्याने तापमान झपाट्याने चढते आणि ११८ ते १२० अंशांच्या आसपास घट्ट गुळासाठी काहील उतरवली जाते. या शेवटच्या टप्प्यात जाळ वेळीच ओढला नाही, तर साखर करपते आणि गूळ काळपट व कडवट होतो. अनुभवी गुळव्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी होते का, हे पाहतो. तापमापकाने मिळणारे उत्तर आणि गोळीने मिळणारे उत्तर बहुधा एकच असते.

चिपाड जळते म्हणजे काय होते?

चिपाड एकदम पेटत नाही. आधी त्यातील पाणी उडून जाते. साधारण २०० ते ५०० अंशांच्या दरम्यान चिपाडाचे विघटन होऊन ज्वलनशील वायू व डांबरी वाफा बाहेर पडतात. कोरड्या चिपाडाच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग अशा प्रकारे वायुरूप होतो. मागे उरतो तो निखारा. आपण जिला ज्वाला म्हणतो, ती या वायूंची असते.

हे वायू पूर्णपणे जळण्यासाठी तीन गोष्टी लागतात : ६०० अंशांहून अधिक उष्णता, पुरेशी हवा आणि दोहोंच्या मिश्रणाला पुरेसा वेळ. यांपैकी एक जरी कमी पडली, तरी न जळलेले वायू धुराच्या रूपाने धुराड्यातून निघून जातात. धूर म्हणजे अशा रीतीने वाया गेलेले इंधनच होय.

थंड देशांत घरात लाकूड जाळण्याच्या बंद शेगड्यांमध्ये यावर निराळा उपाय योजलेला असतो. त्यांत मौल्यवान धातूंचा लेप दिलेली, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी बसवतात. हा उत्प्रेरक सुमारे २६० अंशांपासूनच धूर जाळू लागतो. एरवी त्यासाठी ६०० अंश लागले असते. काम सुरू झाल्यावर जाळी स्वतः ५०० ते ७५० अंशांपर्यंत तापते आणि ९०० अंशांपलीकडे दीर्घकाळ गेली तर तिचे आयुष्य घटते. चुलवाणात ही युक्ती चालत नाही. चिपाडाची राख जाळीची छिद्रे बुजवते आणि राखेतील क्षार लेप निकामी करतात. त्यामुळे गुऱ्हाळाला धूर जाळण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे चुलवाणाच्या पोटात पुरेशी उष्णता सतत टिकवणे.

ओलावा आणि हवा

चरकातून नुकत्याच निघालेल्या चिपाडात निम्मे वजन पाण्याचे असते. अशा एक किलो चिपाडातून सुमारे १,८०० किलोकॅलरी उष्णता हाती लागते. उन्हात वाळवून ओलावा दहा टक्क्यांवर आणला, तर तेच वजन सुमारे ३,६०० किलोकॅलरी, म्हणजे दुप्पट उष्णता देते. ओले चिपाड घातल्यावर चुलवाण थंड पडते, धूर पांढरट व दाट होतो आणि काहिलीची उकळी मंदावते. अंगणात पसरलेले चिपाड हे गुऱ्हाळाचे नेहमीचे दृश्य असते, त्याचे कारण हेच. अवकाळी पाऊस झाला की गुऱ्हाळे बंद पडतात, तीही यामुळेच.

एक किलो वाळलेले चिपाड जाळण्यास साधारण पाच ते सहा किलो हवा लागते. हवा कमी पडली तर काळा धूर निघतो. ती गरजेपेक्षा फार अधिक झाली, तर धूर दिसत नाही; पण जादा हवा स्वतः तापून धुराड्यातून निघून जाते आणि जाळ थंडावतो. ज्या चुलवाणाच्या भिंतींना भेगा पडल्या आहेत किंवा ज्याचे तोंड सतत उघडे राहते, तेथे हेच घडते.

खरी अडचण असते ती जळण घालण्याच्या पद्धतीत. एकदाच मोठा भारा आत लोटला की काही क्षण हवा अपुरी पडते, तापमान उतरते व धुराचा लोट उठतो. भारा जळून गेल्यावर हवा गरजेहून अधिक होते. अशा चढउतारांत सरासरी तापमान ठीक दिसले, तरी योग्य ज्वलनाचा काळ थोडाच असतो. थोडे थोडे जळण, ठरावीक अंतराने, हा नियम म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

हिशेब काय सांगतो?

या नियमाची किंमत आकड्यांत मांडता येते. १६० किलो उसापासून सुमारे १०० किलो रस मिळतो, असे धरू. त्यातून साधारण १८ किलो गूळ होतो, म्हणजे सुमारे ८२ किलो पाण्याची वाफ करावी लागते. रस तापवणे आणि वाफ करणे मिळून जवळपास ५१,००० किलोकॅलरी लागतात. उष्णता मुळीच वाया गेली नाही, तर यासाठी १४ किलो वाळलेले चिपाड पुरेल.

प्रत्यक्षात असे होत नाही. आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी चार काहिलींच्या एका चुलवाणाची तपासणी करून २०१० मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यानुसार जळणाच्या एकूण उष्णतेपैकी सुमारे २९ टक्केच गूळ करण्यासाठी आवश्यक होती. उरलेली प्रामुख्याने धुराड्यातील वायूंबरोबर आणि भिंतींमधून जात होती. किलोभर गुळामागे २.३९ किलो चिपाड लागत होते. धुरातील प्राणवायूचे प्रमाण पाहून जळण नियंत्रित रीतीने घातल्यावर हेच प्रमाण १.७३ किलोवर आले.

वरच्या उदाहरणाला हे आकडे लावून पाहता फरक स्पष्ट होतो. १६० किलो उसाचे चिपाड वाळल्यावर सुमारे ३२ किलो भरते. जुन्या पद्धतीने १८ किलो गुळाला ४३ किलो चिपाड लागेल, म्हणजे ११ किलोंची तूट येईल. नियंत्रित पद्धतीने ३१ किलो लागेल. याचाच अर्थ असा की, पहिले गुऱ्हाळ बाहेरच्या जळणावर अवलंबून राहते, तर दुसरे स्वतःच्या उसाच्या चिपाडावर चालते.

तूट भरून काढण्याची किंमत

ही तूट कशाने भरायची, हा प्रश्न येथे निर्माण होतो. लाकूड विकत घेणे महाग पडते. उसाचे पाचट वापरता येते. मात्र त्याच्या राखेत पालाश अधिक असल्याने ती कमी तापमानाला मऊ होऊन चुलवाणाच्या जाळीवर थर धरते. काही ठिकाणी जुने टायर व प्लास्टिक जाळले जात असल्याच्या तक्रारी महाराष्ट्रात वेळोवेळी झाल्या आहेत. हे पदार्थ भरपूर उष्णता देतात, पण त्यांच्या धुरात काजळी, गंधकाचे वायू आणि विषारी सेंद्रिय द्रव्ये असतात. क्लोरीन असलेले प्लास्टिक जळाल्यावर डायॉक्सिनसारखी घातक द्रव्ये तयार होऊ शकतात आणि ती प्रामुख्याने वायू थंड होताना, २०० ते ४५० अंशांच्या पट्ट्यात बनतात. म्हणजे जाळ प्रखर असला तरी धुराड्यात हा धोका राहतोच. जवळ उघड्या काहिली असतात आणि वस्तीही दूर नसते. म्हणून असे जळण कोणत्याही तापमानाला योग्य ठरत नाही.

धुराड्याचे तापमान

धुराड्यातून निघणाऱ्या वायूंचे तापमान हा चुलवाणाच्या प्रकृतीचा उत्तम निर्देशक आहे. एका काहिलीच्या चुलवाणात वायू कित्येक शे अंशांवर असतानाच बाहेर पडतात. तीन-चार काहिली ओळीने मांडल्या, तर पहिलीखालून निघालेले वायू पुढच्या काहिलींतील रस तापवतात आणि तीच उष्णता पुन्हा उपयोगी पडते. साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये हे तत्त्व टोकाला नेलेले असते. तेथे वायू वाफेच्या नळ्या, पाणी तापवणारी यंत्रणा व हवा तापवणारी यंत्रणा यांवरून जाऊन सुमारे १५० अंशांवर बाहेर पडतात. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या उद्योगाने असे बॉयलर आणि कारखान्यांची यंत्रे बनवण्यात देशभर नाव मिळवले.

गुऱ्हाळात मात्र पंखा नसतो. गरम वायू वर जातात म्हणूनच ताजी हवा आत ओढली जाते. वायू फार थंड झाले, तर धुराड्याची ओढ मंदावते आणि डांबरी थर साचतो. म्हणून तेथे २०० ते २५० अंश ही व्यवहार्य खालची मर्यादा मानावी लागते.

कसे ओळखावे?

उष्णता मोजण्यासाठी धातूच्या दोन तारांचा तापमापक उपयोगी पडतो. त्याचा सुमारे १,००० अंश सोसणारा प्रकार सहज मिळतो. हातात धरून रोखायचे अवरक्त यंत्र पृष्ठभागाचे तापमान दाखवते, ज्वालेचे नव्हे. वाफ आड आल्यास किंवा काहिलीचा पत्रा चकचकीत असल्यास ते चुकीचा आकडा देते.

उपकरण नसल्यास डोळ्यांनाही बरेच कळते. चुलवाणाच्या विटा अंधुक लाल दिसत असतील तर ६०० ते ७०० अंश, तांबड्यालाल दिसत असतील तर ८०० च्या आसपास आणि नारिंगी असतील तर ९०० च्या वर समजावे. धुराड्यातून पांढरा धूर म्हणजे ओले जळण, काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा जळण जास्त, आणि नुसती थरथरणारी उष्ण हवा म्हणजे चांगले ज्वलन. चुलवाण पेटवल्यानंतर पहिला काही वेळ धूर होणे स्वाभाविक आहे, कारण विटा अजून तापलेल्या नसतात. त्यानंतरही धूर कायम राहिला, तर दोष जळणात, हवेत किंवा बांधकामात शोधावा लागतो.

एका दृष्टिक्षेपात

- मळी वर येणे : सुमारे ८५ अंश
- काकवी : १०५ ते १०६ अंश
- घट्ट गूळ : ११८ ते १२० अंश
- चिपाडातून वायू सुटणे : २०० ते ५०० अंश
- धूर पूर्ण जळण्यास : ६०० अंशांहून अधिक
- चुलवाणातील ज्वाला : ८०० ते १००० अंश
- धुराड्याची खालची मर्यादा : २०० ते २५० अंश

शहरातील ग्राहक गूळ घेताना त्याचा रंग पाहतो आणि रसायनांविषयी विचारतो. तो गूळ कोणत्या जळणावर शिजला, हेही विचारले जाऊ लागले, तर वाळवलेले चिपाड बेताबेताने घालून बिनधुराचा जाळ राखणाऱ्या गुऱ्हाळमालकाच्या मेहनतीला बाजारात मोल मिळेल.